एकच किल्ली

बादलीतलं पाणी गटारात ओतून झाल्यावर मोटरसायकलची किल्ली बादलीतच होती हे जावयाच्या लक्षात आलं, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते.

गाडी परत करायची तर लखलखीत करून करावी, हा त्याचाच विचार. कुणी सांगितलं नव्हतं. आठ दिवस सासऱ्यांची मोटरसायकल वापरली, संध्याकाळी पाच वाजता ती त्यांच्या हवाली करायची, म्हणून तो सकाळपासून तिला घासत बसला होता. किल्ली भिजू नये म्हणून त्याने ती काढून घेतली. खिशातून पडू नये म्हणून कोरड्या फडक्यात गुंडाळली. आणि मग हातातलं फडकं फारच मळलं म्हणून ते कोरडं फडकं घेऊन बादलीत बुचकळलं. इतकी काळजी घेतली नसती तर किल्ली गेलीच नसती.

गटारावर लोखंडी जाळी होती. जाळीतून त्याचा हात खांद्यापर्यंत गेला, पण हाताला जे लागलं त्यात किल्ली सोडून सगळं होतं. हा गृहस्थ चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. दिवसभर दुसऱ्यांना शेवटची ओळ वाचायला लावणारा माणूस आता डोळे मिटून गटार चाचपत होता. वर गॅलरीत उभ्या असलेल्या बायकोने काय हरवलं ते विचारलं नाही. तिला ते आधीच कळलं होतं.

"बाबांना काही सांगायचं नाही," ती खाली येऊन म्हणाली. "मी शब्द टाकला म्हणून गाडी मिळाली. काहीही करा, पण पाचच्या आत किल्ली करून आणा."

तिचं म्हणणं खरं होतं. ही मोटरसायकल सव्वीस वर्षांची होती आणि या सव्वीस वर्षांत सासऱ्यांनी ती कुणालाही दिली नव्हती. सख्ख्या भावाने मागितली तेव्हा त्यांनी त्याला रिक्षा करून दिली होती. थोरल्या मुलीकडे आठ दिवस जायचं ठरलं आणि इकडे जावयाची स्कूटर दुरुस्तीला गेली, तेव्हा लेकीने दोन दिवस गळ घातली. शेवटी ते कबूल झाले. मात्र किल्ली सोपवायला त्यांनी चाळीस मिनिटं घेतली. किल्ली पूर्ण आत घालायची, मग केसभर मागे ओढायची, डाव्या हाताने हँडल किंचित उचलायचं आणि मग फिरवायची. ही युक्ती घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता. जावयाला ते अकराव्या खेपेला जमलं. "एकच किल्ली आहे," असं बजावून त्यांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि वरून त्याची मूठ स्वतः बंद केली.

त्या मुठीला आता गटाराचा वास येत होता.

नशिबाने हँडलला कुलूप घातलेलं नव्हतं, त्यामुळे गाडी ढकलता तरी येत होती. चौकातला किल्लीवाला जागा सोडून कुठे येत नसे. जावई गाडी ढकलत निघाला. जुन्या गाड्या वजनाला कमी नसतात आणि रस्ता चढाचा. वाटेत जो तो पेट्रोल संपलं का विचारत होता. पहिल्या तिघांना त्याने नाही म्हणून सांगितलं, चौथ्यापासून हो म्हणायला लागला. तर एका भल्या माणसाने त्याला थांबवून घेतलं, घरातून बाटलीभर पेट्रोल आणलं आणि ते टाकीत ओतेपर्यंत हलू दिलं नाही. गाडी सुरू करून दाखवा, असंही तो म्हणत होता. तिथून सुटायला वीस मिनिटं गेली.

किल्लीवाला म्हातारा आणि अभिमानी होता. कुलपावर कोरलेला नंबर त्याने भिंगातून वाचला, आपली जीर्ण वही उघडली आणि त्या नंबरची किल्ली कंपनीने जशी केली असेल तश्शी करून देतो म्हणाला. कोरी किल्ली कानशीने घासताना तो मान वर करत नव्हता. जावई मात्र दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता, मधेच उठून चौकाला चक्कर मारून येत होता आणि झाली का विचारत होता. साडेबाराला किल्ली झाली. ती कुलपात अगदी अलगद गेली आणि तिथेच थांबली. फिरेना. हँडल उचलून झालं, केसभर ओढून झालं, तरी फिरेना.

"किल्ली बरोबर आहे," किल्लीवाला शांतपणे म्हणाला. "कुलूप चुकलंय."

"म्हणजे काय?"

"सव्वीस वर्षं एकमेकांना घासून दोघं झिजलेत. तुमच्या कुलपाला आता बरोबर किल्ली चालायची नाही. झिजलेलीच लागणार."

मग त्या नव्याकोऱ्या किल्लीला सव्वीस वर्षांची करण्याचं काम सुरू झालं. थोडी घासायची, लावून बघायची, पुन्हा घासायची. किल्लीवाल्याला हे मुळीच पसंत नव्हतं. आयुष्यभर किल्ल्या दुरुस्त केल्या आणि आज बिघडवायला बसलो, असं तो दर खेपेला म्हणत होता. नवव्या खेपेला किल्ली जरा हलली. जावयाचा धीर तिथे सुटला. त्याने म्हाताऱ्याचा हात बाजूला करून स्वतः जोर लावला आणि किल्लीचं डोकं त्याच्या चिमटीत आलं. उरलेली किल्ली कुलपात राहिली.

किल्लीवाल्याने कानस पुसून पेटीत ठेवली आणि गॅरेजच्या दिशेने बोट दाखवलं.

गॅरेजवाल्या मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. तुकडा निघेल, पण कुलूप सगळं खोलावं लागेल आणि ते काम उद्यावर जाईल. त्यापेक्षा त्याच्याकडे तशाच एका मोडीत काढलेल्या गाडीचं कुलूप होतं, किल्लीसकट. दिसायला हुबेहूब. ते बसवलं तर चारपर्यंत गाडी तयार. जावयाने होकार दिला आणि जुनं कुलूप कुठे ठेवता हेसुद्धा विचारलं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी नवी किल्ली फिरली. लोण्यात सुरी जावी तशी फिरली. त्यामुळे तो आणखी बेचैन झाला, कारण सासऱ्यांना ही गंमत लगेच कळणार होती.

त्यावर बायकोने तोडगा काढला. गाडी त्यांच्या दारात तुम्हीच लावायची, किल्ली काढून नीट हातात द्यायची, आणि ते लावायला गेले की म्हणायचं, मी तेलाचे दोन थेंब सोडले होते. जावयाने हे वाक्य घरभर फिरत पंचवीस वेळा म्हणून बघितलं.

पाच वाजता दोघं सासुरवाडीला पोहोचले. सासरे बसमधून उतरून नुकतेच आले होते आणि बॅगसुद्धा घरात न नेता दारात उभे होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी मडगार्डवरून बोट फिरवलं.

"धुतलीत?"

"हो. आणि तेलाचे दोन थेंब..."

"बरं केलंत, जावईबापू." ते खूश दिसले. जावयाने किल्ली पुढे केली, तर त्यांनी हातानेच राहू द्या म्हटलं, सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि स्वतःची, तितकीच झिजलेली किल्ली काढली.

बायकोच्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्ही तर म्हणाला होतात एकच आहे."

"दोन आहेत म्हटलं असतं तर हरवलीच असती," सासरे म्हणाले आणि गाडीवर बसले.

त्यांनी किल्ली आत घातली. केसभर ओढली. हँडल उचललं. फिरवली. किल्ली जागची हलली नाही. ते हसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. किल्ली रुमालाने पुसली, फुंकली, उलटी करून बघितली. दहा मिनिटं झाली. त्यांचं हसू गेलं. कपाळावर घाम आला. सासूबाई चहाला बोलवायला दारात आल्या आणि तशाच आत गेल्या. शेवटी ते गाडीवरून उतरून पायरीवर बसले आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

"हात गेला," ते हळूच म्हणाले. "सव्वीस वर्षांत असं झालं नाही. आठ दिवस लांब राहिलो तर तिनं मला ओळखलं नाही. जावईबापू, गाडी तुम्हीच घेऊन जा. तुमचं ऐकते ती."

आता गप्प बसलं की झालं. किल्लीची गोष्ट गटारातच राहिली असती, बायकोचा शब्द राखला गेला असता आणि वर मोटरसायकल मिळाली असती. जावयाने बायकोकडे बघितलं. ती वडिलांच्या हाताकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. जावयाला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो सासऱ्यांसमोर खाली बसला आणि बादलीपासून मिस्त्रीपर्यंत सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. पेट्रोलच्या बाटलीचंही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं.

सासऱ्यांनी उजव्या हाताची मूठ मिटून उघडून बघितली.

"म्हणजे हात बरा आहे," ते म्हणाले.

"अगदी बरा आहे. कुलूपच दुसरं आहे, बाबा."

ते ताडकन उठले. जावयाच्या हातातली नवी किल्ली घेऊन त्यांनी दोन बोटांनी फिरवली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. त्यांनी ती लगेच बंद केली. गाडीने त्यांचा अपमान केल्यासारखा चेहरा झाला होता.

"ही तर कुणीही चालू करील," ते म्हणाले. "जुनं कुलूप कुठे आहे?"

"मिस्त्रीकडे. भंगारात टाकलं नसलं तर."

"मग बसताय काय? गॅरेज सहाला बंद होतं. तुकडा काढून तेच कुलूप परत बसवून आणा. कितीही दिवस लागू देत." एवढं बोलून त्यांनी आपली किल्ली जावयाच्या तळहातावर ठेवली. "बसवल्यावर मिस्त्रीला लावून बघावी लागेल. आता मात्र खरंच एकच आहे."

मूठ त्यांनी बंद केली नाही. ते बॅग उचलून आत गेले.

जावई किल्लीकडे बघत उभा राहिला. गाडी चालवायची तर दोन्ही हात हँडलवर हवेत, आणि खिशांवर त्याचा काडीचा विश्वास उरला नव्हता. बायको म्हणाली मी धरते, तर तो तिलाही द्यायला तयार होईना. शेवटी त्याने सासऱ्यांची किल्ली दातांत घट्ट धरली, नव्या किल्लीने गाडी सुरू केली आणि निघाला. चढावर तो सकाळचा भला माणूस घराबाहेरच उभा होता. गाडी चालू झालेली बघून त्याने आनंदाने हात वर केला आणि पेट्रोल पुरलं का म्हणून मोठ्याने विचारलं. जावयाने नुसती मान हलवली. तोंड काही उघडलं नाही.