टिकाऊ डबीची कसोटी

एका जंगलात एकच बंदूक होती. जंगलात बंदूक कुठून आली, असं विचारणाऱ्या शहाण्यांनी मागे जाऊन बसावं. तुम्हाला बोलणारी डुकरं चालतात आणि बंदूक तेवढी खटकते होय? एक शिकारी अस्वल बघून पळाला. त्याची राहिली.

ती बंदूक रानडुक्कर गेनूतात्यांच्या खांद्यावर असे. तात्या पाणवठ्यावर पहारा करायचे. पलीकडच्या रानातले लांडगे पिल्लं उचलायला टपलेले असत, आणि तात्यांची स्वतःची पिल्लंही त्याच चिखलात लोळत.

आता बंदुकीला खालून गोळ्यांची डबी लावावी लागते. शिकलेले लोक तिला मॅगझिन म्हणतात. आपण डबी म्हणू, जीभ वाचेल. तर ती डबी पळताना शिकाऱ्याच्याच हातात राहिली होती. सुट्या गोळ्यांची पिशवी तेवढी इथे पडली होती.

तात्या दरबारात गेले. म्हणाले, "महाराज, एक डबी द्या. होळीपासून लांडग्यांना नुसती बंदूक दाखवतोय. अजून घाबरतात बिचारे. पण किती दिवस घाबरतील?"

सिंहमहाराजांनी दवंडी पिटली. दोघे पुढे आले. अस्वलअण्णा लोहारांनी पत्र्याची डबी आणली. वानरशेठांनी शहरातून काळी, हलकी डबी आणली.

"हे प्लास्टिक आहे," अण्णा म्हणाले.

"पॉलिमर आहे," शेठ म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे महाग प्लास्टिक."

"उन्हात तडकेल. आमच्या हिची बादली बघा जाऊन."

"आणि तुमच्या पत्र्याला गंज चढेल. तुमच्या भट्टीचं दार बघून आलोय मी."

झालं. अर्धं जंगल पत्र्याचं, अर्धं प्लास्टिकचं. सशांच्या एका घरात तर चुली वेगळ्या झाल्या. शेवटी महाराज म्हणाले, "कसोटी घ्या. टिकेल ती तात्यांची."

दोन्ही डब्या जांभळाच्या शेंड्यावरून दगडावर टाकल्या. चिखलात पुरल्या. मग हत्तीला बोलावून त्याचा पाय ठेवला. हत्ती जेवून आला होता.

पत्र्याची डबी तोंडाशी चेपली. प्लास्टिकची दबली, परत फुगली, पण तिचा एक टवका उडाला.

"बघा, चेपली पण फुटली नाही," अण्णा ओरडले.

"बघा, फुटली पण चेपली नाही," शेठ ओरडले.

दोन्हीकडे गुलाल उधळला गेला.

तात्या पुढे सरकले. "जरा गोळ्या भरून बघू का? वर सरकतात का तेवढं कळेल."

"तात्या," महाराज म्हणाले, "आजचा विषय टिकाऊपणा आहे. विषयांतर नको."

तरी तात्यांनी भरून पाहिल्याच. टवका उडालेल्या डबीत गोळी सुरळीत सरकली. चेपलेलीत अडकली, पण अण्णांनी तोंडावर दोन हातोडे मारले तशी तीही सुरळीत झाली.

"कुठलीही द्या," तात्या म्हणाले. "दोन्ही चालतात."

हे मात्र कुणालाच आवडलं नाही. एवढं भांडण करून दोन्ही चालतात म्हणजे काय? महाराजांना तर अर्धं जंगल नाराज करायचं नव्हतं. त्यांनी दोन्ही डब्या विजयी ठरवल्या. खंडेनवमीला दोघींना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा पडल्या, आणि दोघी राजवाड्यात काचेच्या कपाटात गेल्या.

"आणि मी?" तात्या म्हणाले.

"अहो, वापरल्या तर खराब होतील. एवढ्या टिकाऊ वस्तू पुढच्या पिढ्यांना दिसायला नकोत?"

जंगलभर दवंडी गेली, की दोन्ही डब्या कपाटात सुखरूप आहेत. दवंडीवाला उत्साही होता. पलीकडच्या रानातही पिटून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांडगे पाणवठ्यावर आले, मजेत, गप्पा मारत.

"रामराम तात्या," म्होरक्या म्हणाला. "डब्या कपाटात आहेत म्हणे?"

"आहेत."

"टिकाऊ आहेत म्हणे?"

"फार," तात्या म्हणाले. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्ता म्होरक्याच्या थोबाडावर हाणला. म्होरक्याचे पुढचे दात गेले. बंदुकीचे दोन तुकडे झाले. लांडगे शेपट्या घालून पळाले. एकही पिल्लू गेलं नाही.

मग चौकशी बसली. लांडग्यांची नव्हे. तात्यांची. सरकारी बंदूक मोडली म्हणून पहारा काढून घेतला.

अण्णांना आणि शेठांना शाल-श्रीफळ मिळालं. महाराज भाषणात म्हणाले, "एवढी लढाई झाली, पण दोन्ही डब्यांवर साधा ओरखडा नाही. याला म्हणतात टिकाऊपणा." टाळ्या थांबेनात.

तात्या घरी आले. त्यांची बायको म्हणाली, "जाऊ द्या हो. सुळे आहेत ना तोंडात? फक्त कसोटीला नेऊ नका."

तात्पर्य : पोरांनो, जगात टिकायचं असेल तर कपाटात बसा. कामाला आलात की मोडाल, आणि मोडलात की चौकशी तुमचीच.