मयेकरांचं चौथं भांडं

१७ मे. आजचं काम: उद्या अकरा वाजता मीटर-रूमची वायरिंग बदलायची, संध्याकाळपर्यंत लाइट नाही, हे बिल्डिंगमधल्या अठ्ठावीस घरांत सांगून सह्या घेणं. सेक्रेटरी मी, त्यामुळे जिनेही मीच चढायचे. सत्तावीस सह्या चहाच्या वेळेपर्यंत झाल्या. अठ्ठाविसावं घर माझ्या समोरचंच, मयेकरांचं.

मयेकरांना वाटीभर खीर दिली तर ते ती घरात नेत नाहीत. आपल्याच दारात उभे राहतात, खिशातून चमचा काढतात, माझ्याच वाटीतून खातात आणि वाटी तिथल्या तिथे परत देतात. रिकामी. शेजाऱ्याचं भांडं रिकामं देऊ नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हे रत्नागिरीच्या माणसाला मी काय शिकवणार? पण त्यांचं उत्तर ठरलेलं.

"वहिनी, ओताओत कशाला? भांडं तुमचं, चमचा माझा. भांडं लगेच फिरलं पाहिजे."

प्लंबरचा नंबर ते लिहून घेत नाहीत. माझ्या डायरीत आहे ना, मग त्यांच्या डायरीत कशाला? दर वेळी बेल वाजवतात. सोसायटीच्या फाइलसाठी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली, तर मूळ कार्ड घेऊन माझ्यासमोर बसले आणि हवं तेवढं बघा म्हणाले. शेवटी झेरॉक्स मीच काढून आणली.

हे वेड धंद्यातून आलंय. मयेकर घरी बसून कॅमेऱ्यांचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांनी मला ते इतक्यांदा सांगितलंय की आता मीच सांगू शकते. कॅमेऱ्यासाठी मेमरीत चार जागा राखलेल्या असतात. मयेकर त्यांना भांडी म्हणतात. कॅमेरा एकेका भांड्यात चित्र भरतो. साधा प्रोग्रॅम ते चित्र आपल्या भांड्यात ओतून घेतो आणि मग बघतो. मयेकरांचा प्रोग्रॅम ओतत नाही. कॅमेऱ्याचीच भांडी तो आपल्या पत्त्यावर मांडून घेतो, म्हणजे आपल्याच घरात असल्यासारखी ती त्याला दिसतात. जागेवर बघायचं आणि भांडं परत फिरवायचं, पुढचं चित्र भरायला. वेळ वाचतो, मेमरी वाचते. याला मॅप करणं म्हणतात. मी याला आळस म्हणत होते, पण आमच्या फाटकाचा कॅमेरा त्यांनी याच पद्धतीने आपल्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकट चालवून दिला, तेव्हा गप्प बसले.

त्या कॅमेऱ्याच्या चाचणीला माणूस एकच, त्यांचे बाबा. एसटीतले निवृत्त ड्रायव्हर, वय ऐंशीच्या पुढे. रंग बरोबर दिसतात का ते तपासायला बाबांनी सात रंगांची छत्री उघडून फाटकात उभं राहायचं. वरून मयेकर खिडकीतून सांगणार, बाबा जरा डावीकडे. खालून बाबा ओरडणार, "झालं का रे? का इथेच डेपो काढू?" सगळी बिल्डिंग ऐकायची.

गेल्या वर्षी मे महिन्यात बाबा गेले. मयेकरांनी लग्न केलेलं नाही, घरात बापलेक दोघेच होते. पण तेराव्यानंतर मयेकर निमूट कामाला बसले. मला ते बरंच वाटलं.

तेव्हापासून कॅमेऱ्यात वॉचमन चालायचा ते उड्या मारत. तक्रारी आल्या. मयेकर म्हणाले, चारांतलं एक भांडं अडकलंय, तीनच फिरतायत, बघतो. वर्षभर बघतच होते. याच काळात त्यांनी मोठा इन्व्हर्टर घेतला आणि तो फक्त त्या कॉम्प्युटरला जोडला. लाइट गेली की कॉम्प्युटर चालू आणि मालक घामाघूम.

तर आज त्यांनी सही दिली नाही. कॉम्प्युटर बंद पडता कामा नये म्हणाले. इन्व्हर्टर किती चालेल, मी विचारलं. दोन तास. आणि काम संध्याकाळपर्यंत.

"एका माणसासाठी अठ्ठावीस घरांची वायरिंग थांबवू?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. फाटक, सात रंगांची छत्री आणि तिच्याखाली बाबा, तोंड अर्धवट उघडं. पुढचा शब्द मला ऐकू आला.

"शेवटच्या चाचणीचं," मयेकर म्हणाले. "चौथ्या भांड्यात आहे. बघायला घेतलं, ते परत दिलंच नाही."

"फाइल कुठेय याची?"

"फाइल नाही. लाइट गेली की भांडं पुसलं."

वर्षभर हा माणूस एका वायरच्या भरवशावर बसला होता. मला रागच आला. कॉपी करायला किती वेळ लागतो म्हटलं. दोन ओळी लिहायच्या, अर्धं मिनिट, ते म्हणाले.

"मग?"

"कॉपी केली, की भांडं परत द्यावं लागेल, वहिनी."

मला सुचलं ते बोलले. "मयेकर, माझी इतकी भांडी रिकामी परत दिलीत, तेव्हा हात अडला नाही. हेही द्या. पण आधी ओतून घ्या."

मी घरातून पेन ड्राइव्ह आणला. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, तीन वेळा तपासल्या. कॉपी उघडून बाबा नीट दिसतायत ना, ते मला बघायला लावलं. मग चौथं भांडं सोडलं. स्क्रीनवरची छत्री गेली आणि तिथे आत्ताचं फाटक आलं. वॉचमन खुर्चीपासून नळापर्यंत गेला, एकही उडी न मारता. मयेकरांनी सही केली.

१८ मे. सकाळी दहाला केबिन रोडवरच्या फोटो स्टुडिओत जाऊन फोटोच्या दोन प्रती काढल्या. एक सोसायटीच्या कपाटात ठेवली, कारण त्यांच्याकडची हरवली तर बेल माझीच वाजणार. दुसरी वाटीभर शिऱ्याबरोबर समोर दिली. मयेकरांनी फोटो बघितला आणि वाटी घेऊन आत गेले. परत आली ती धुतलेली, तळाशी चिमूटभर साखर.

ती मी चहात टाकली, चहा प्यायले आणि अकराला खाली जाऊन मेन स्विच माझ्या हाताने पाडला.