आप्पांची हरकत

आमच्या ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर रोहिदास आप्पा यांची एका परदेशी खेळणी कंपनीवर हरकत आहे. एक नाही, ढीगभर. त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः टाइप केल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

‘विषय : आगामी संचातील बाहुल्याचे केस जुन्या संचातून उचलून लावलेले असलेबाबत.’ यातला ‘असलेबाबत’ आप्पांचा. मी एकदा तो ‘असल्याबाबत’ केला, तर म्हणाले, “तसं वजन नही पडस, ताई.” मी गुपचूप पुन्हा ‘असलेबाबत’ केलं. आप्पा बोलतात अहिराणी, पण हरकत मात्र शुद्ध सरकारी मराठीत घेतात. अहिराणीत घेतली तर कंपनी मनावर घेणार नाही, असं त्यांचं मत.

मी म्हसावदची. तळोद्याला एका सरकारी ऑफिसात आस्थापना शाखेला क्लार्क आहे. कोणतं पद मंजूर, कोणतं रिक्त, कोण कधी रिटायर, हे सगळं माझ्या टेबलावर असतं. माझ्या टेबलाच्या खिडकीबाहेर जीप उभी राहते आणि जीपमध्ये आप्पा. त्यामुळे नोकरीतली अर्धी वर्षं मी संगणकाकडे आणि अर्धी आप्पांकडे बघत काढली.

तो खेळ तुम्हाला माहीत असेल. प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत दाबायचे आणि घर, गाडी, विमान काय हवं ते बनवायचं. हल्ली मोठमोठ्या सिनेमांची परवानगी घेऊन त्यांचे संच काढतात आणि त्यासोबत सिनेमातली बोटभर माणसं देतात. मुंडकं काढता येतं, केस टोपीसारखे बसवता येतात. संच दुकानात यायच्या कितीतरी आधी त्याचे फोटो कुठूनतरी फुटतात आणि जगभरचे हौशी लोक मोबाइलवर त्यावरून भांडत बसतात. या भांडणात तळोद्याची बाजू आप्पा मांडतात.

हे खूळ लागलं एका साहेबांमुळे. त्यांची लहान मुलगी जीपच्या सीटखाली असलं एक बाहुलं विसरली. आप्पांनी ते ‘देईन परत’ म्हणून समोरच्या काचेपाशी उभं करून ठेवलं, तेवढ्यात साहेबांची बदली झाली. बाहुलं राहिलं. ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य साहेबांच्या मीटिंगा संपायची वाट बघण्यात जातं. नंदुरबारला मीटिंग असली की सकाळची दुपार होते आणि दुपारची संध्याकाळ. तेवढ्या वेळात आप्पांनी मोबाइलवर त्या बाहुल्याचं कूळ शोधलं, मूळ शोधलं, त्याचे भाऊबंद शोधले. व्हिडिओ इंग्रजीत असायचे. आप्पांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण फोटो कळायचे. पुढे जुनी सुटी बाहुली पार्सलने मागवायलाही लागले आणि काचेपाशी चांगली रांग झाली.

ती बाहुली कशानेही चिकटवलेली नव्हती, नुसती पायांवर उभी. “बाहुला पडना, का ड्रायव्हरले मेमो,” असा त्यांनी स्वतःच स्वतःला नियम घालून घेतलेला. आमची शिबिरं धडगावकडच्या पाड्यांवर असत. चांदसैली घाटातून जाताना भल्याभल्यांच्या पोटातलं वर येतं. आप्पांची गाडी मात्र संथ पाण्यासारखी जायची आणि बाहुली जागच्या जागी. मला हे ऐकूनच माहीत, कारण मी घाटात झोपायची. त्या वर्षांत सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घरी झोप कसली ती मिळायची नाही. जीप तळोदा सोडायची आणि मी मागच्या सीटवर गारद व्हायची.

आता हरकतीकडे येते. एकदा ड्रायव्हरांची तात्पुरती ज्येष्ठता यादी बोर्डावर लागली. खाली नेहमीचं वाक्य होतं, यादीबाबत हरकत असल्यास लेखी कळवावे. आप्पांनी यादी तीनदा वाचली. त्यांचं नावच नव्हतं. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “ताई, मी शे ना?” मी म्हटलं, आहात की. मी हरकत टाइप करून दिली, त्यांनी सही केली, आणि अंतिम यादीत नाव आलं. तुम्हा-आम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण आप्पांच्या सगळ्या आयुष्यात, त्यांनी काही म्हटलं आणि छापलेलं बदललं, असं ते एकदाच घडलं होतं. तेव्हापासून जगातली कुठलीही यादी आधी तात्पुरती असते आणि हरकत घेतल्यावरच अंतिम होते, यावर त्यांची श्रद्धा बसली.

म्हणून फुटलेला फोटो दिसला की ते खिडकीशी यायचे. “ताई, यादी उनी. तात्पुरती शे.”

मी समजावून पाहिलं. “आप्पा, ही त्यांनी लावलेली नाही. कोणीतरी चोरून बाहेर काढली आहे.”

“चोरीसन उनी? म्हणजे बोर्डवर लावी नही. मंग पह्यली हरकत हाईच.”

मी टाइप करायला बसायची, ते इंग्रजी व्हिडिओखाली चिकटवायचे. एकदा एका व्हिडिओवाल्याने खाली लाल बदाम दिला आणि दोन शब्द लिहिले. आप्पा धावत आले. मी वाचून सांगितलं, पाहिल्याबद्दल आभारी आहे, एवढंच लिहिलंय. “म्हणजे पोच भेटनी,” आप्पा म्हणाले. “आते प्रकरण विचाराधीन शे.”

त्यांची मतं मात्र अगदीच टाकाऊ नव्हती. संचात माणसं किती, हे विचारताना ते ‘इष्टाफ किती’ म्हणत. सिनेमात माणसं बारा आणि संचात चार असली, तर म्हणत, “मंजूर पदं बारा, भरेल चार. आपलंच ऑफिस शे हाई.” तोच तो नायक नवा कोट घालून दर संचात यायचा, त्यावर, “एकच माणूसले कितला चार्ज देतस?” छपाई न करता कागदी स्टिकर दिलं की त्यांना राग यायचा, कारण स्टिकर उन्हात निघतं आणि आमच्याकडचं ऊन कंपनीने पाहिलेलं नाही. काही मुंडक्यांना दोन्हीकडे तोंडं असतात, एक गंभीर, फिरवलं की हसरं. गंभीर तोंडाला आप्पा आवकचं म्हणत, म्हणजे ऑफिसात येतानाचं, साहेबासमोरचं. हसरं ते जावकचं, घरी जातानाचं. आमच्या मोठ्या साहेबांना एकच तोंड आहे, असंही ते म्हणायचे, पण हळू आवाजात.

आणि मग ती बस आली.

एक परदेशी सिनेमा आहे. डोंगरातला पूल तुटायला आलेला असतो आणि एक म्हातारा ड्रायव्हर बसभर मुलांना पलीकडे नेतो. पाच-सात मिनिटं दिसतो, एक शब्द बोलत नाही. पलीकडे गेल्यावर सगळे नायकाला मिठ्या मारतात आणि हा खाली उतरून चाक बघतो. आप्पांनी तो सिनेमा हिंदीतून किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. त्या बसचा संच येणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला जेमतेम अर्धं वर्ष राहिलं होतं. त्यांना बाकी काही नको होतं, त्यात तो म्हातारा असला म्हणजे झालं. “एवढा एक अंतिम यादीमा येऊ दे,” ते म्हणायचे.

पहिला फोटो फुटला. बस सुंदर होती. पुढचे दिवे, मागची शिडी, टपावरचं सामानसुद्धा. इष्टाफ सात आणि त्यात नायक दोन कोटांत दोनदा. म्हातारा नव्हता. आप्पांनी फोटो बोटांनी मोठा करून मला दाखवला. “गाडी शे, चाक शे, इष्टेरिंग शे. ड्रायव्हर कोठे शे?”

त्या दिवशीची हरकत त्यांनी मला बोलून सांगितली, मी एक अक्षर बदललं नाही. ‘सबब सदर बस चालकाविना डोंगरावर कशी गेली, याचा खुलासा व्हावा.’ ती त्यांनी सापडेल त्या व्हिडिओखाली लावली. दोन बदाम आले. पोच आली म्हणून ते महिनाभर खुशीत होते, चहातल्या साखरेवरसुद्धा हरकत घेतली नाही.

रिटायरमेंटला काही दिवस उरले असताना कंपनीने संच जाहीर केला. अंतिम यादी. सात माणसं, तीच. चाकामागची सीट रिकामी.

आप्पा खिडकीशी आले आणि मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. माझ्यासमोर तेव्हा त्यांच्याच पेन्शनचे कागद होते, वरून दोनदा फोन येऊन गेला होता, मी वैतागलेली होते. मी मान वर न करता म्हटलं, “आप्पा, सोडा हो. एवढंसं प्लास्टिक ते. आणि ड्रायव्हरकडे बघतं कोण?”

बोलून गेले. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

“ते बी खरं शे, ताई,” ते म्हणाले आणि बादली घेऊन गाडी धुवायला गेले. गाडी सकाळीच धुतलेली होती.

मला दिवसभर कामात लक्ष लागेना. माफी मागायची तर कशी मागायची, हेही सुचेना. त्यातच निरोप समारंभाचं काम माझ्याकडे आलं. आप्पांच्या नोकरीतले फोटो गोळा करून एक फलक करायचा होता. मी ऑफिसचे सगळे अल्बम काढले, संगणकातले फोटो काढले. शिबिरं, झाडं लावणं, उद्घाटनं, साहेबांचे सत्कार, पाड्यावरच्या शाळेपुढे उभे राहिलेले आम्ही सगळे. बघता बघता टेबल भरून गेलं. आप्पा एकातही नव्हते. एका फोटोच्या कडेला जीपच्या खिडकीतून बाहेर आलेलं कोपर होतं. कोपर त्यांचं, शर्टावरून ओळखलं.

यातले बरेच फोटो मीच काढलेले. आणि काढताना मी काय ओरडायची तेही आठवलं. “आप्पा, गाडी जरा बाजूला घ्या ना, मध्ये येतेय.” ते लगेच घ्यायचे, गाडी आणि स्वतःलाही. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी अल्बम मिटून टाकला.

शेवटच्या दिवशी सकाळी आप्पा काचेपाशची बाहुली एकेक करून डब्यात भरत होते. मी गाडीशी गेले. त्यांनी सीटवरून एक खोकं काढून माझ्या हातात दिलं. आत पांढऱ्या ठोकळ्यांची जीप होती. आमचीच, मागच्या दाराच्या पोच्यासकट. साहेब पुढे बसलेले, एकाच तोंडाचे. मागे हातात थर्मास घेतलेला आमचा शिपाई. त्याच्या शेजारी चष्मा आणि अंबाडा, ती मी. माझे डोळे मिटलेले होते.

“डोया मिटेल मुंडी गंज दिन धुंडी,” आप्पा म्हणाले. फार दिवस शोधली होती म्हणे. “तुम्हीन घाटमा झोपी जातस. घर तुम्हले झोप नही, माले माहीत व्हतं. म्हणीसन बाहुला पडू देत नव्हतू.”

मी इतकी वर्षं समजत होते की ती गाडी बाहुल्यांसाठी हळू चालते.

डोळ्यांत पाणी आलं ते दिसू नये म्हणून मी हातातल्या ठोकळ्यांच्या जीपमध्ये बघत राहिले. चाकामागची सीट रिकामी होती. “आणि आप्पा, ड्रायव्हर?” मी विचारलं.

“त्यानी मुंडी जमनी नही,” ते म्हणाले. “बठास्ना, सगळास्ना चेहरा मी आरसामा दखेल शे. आरसा मागे फिरेल ऱ्हास ना, ताई. त्यामा मी नही ऱ्हास.” आणि नेहमीसारखे हसले. तक्रार म्हणून बोलले नव्हते, गाडीतली एक गोष्ट समजावून सांगावी तसे बोलले.

दुपारी समारंभ झाला. नारळ, शाल, भाषणं. साहेबांनी भाषणात आप्पांचं नाव बरोबर घेतलं. मग सगळे फोटोसाठी ऑफिसच्या पायऱ्यांवर उभे राहिले, मी मोबाइल घेऊन समोर गेले. जीप नेहमीप्रमाणे अर्धी मध्ये येत होती. मी काही म्हणायच्या आत आप्पा शाल सावरत ओळीतून बाहेर पडले, किल्ली हातात घेतली आणि गाडी बाजूला घ्यायला निघाले. स्वतःच्या निरोपाच्या फोटोतून.

“हरकत आहे,” मी म्हणाले.

आवाज माझा मलाच मोठा वाटला. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “सर, गाडी हलणार नाही. सगळ्यांनी गाडीपाशी या. आणि आप्पा, तुम्ही तुमच्या सीटवर बसा.”

कोणाला काही कळलं नाही, पण साहेब उतरले, म्हणून सगळे उतरले. आप्पा चाकामागे बसले. शाल मांडीवर घेतली, परत खांद्यावर टाकली, हात स्टिअरिंगवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. ज्या माणसाने जगभरच्या मुंडक्यांवर मतं दिली, त्याला स्वतःच्या तोंडाचं काय करावं ते कळेना. शेवटी खिडकीतून मान काढून त्यांनी मला हळूच विचारलं, “ताई, कोनतं तोंड करू? आवकनं का जावकनं?”

“जावकचं, आप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी केलं. मी दोन फोटो काढले.