इंग्वार मास्तरांनी तपासलेली चिठ्ठी

त्या दुपारी इंग्वार मास्तरांनी ठरवलं, आधी चिठ्ठी तपासायची आणि मग कामाला लागायचं. तिथंच सगळं नासलं.

चिठ्ठी सुनेची होती. लिगाया मूळची फिलिपिन्सची. मुलगा कारी महिना महिना मासेमारीच्या बोटीवर, त्यामुळे आइसलंडच्या त्या खाडीकाठच्या घरात सासरा, सून आणि अजून बारसं न झालेली तान्ही नात, एवढीच माणसं. पूर्वी लिगाया दिवसभर 'ताताय, ताताय' करत (तिच्याकडे बाबांना असंच म्हणतात) चिवचिवायची. पण मास्तरांचा जन्म गेला आइसलंडिक भाषेचं व्याकरण शिकवण्यात. वस्तू टेबलावर ठेवायची तर एक विभक्ती, ठेवलेली असेल तर दुसरी, आणि सूनबाई नेमकी तिसरीच लावायची. मास्तर वाक्यागणिक तिला अडवायचे. (प्रेमानंच हो! पण प्रेमानं टोचली तरी सुई ती सुईच.) शेवटी तिनं बोलणंच टाकलं. तीन आठवडे नुसत्या चिठ्ठ्या. घर मास्तरांना खायला उठलं होतं.

आणि आज बाहेर जाताना तिनं ठेवलेली, कामं सांगणारी चांगली आठ ओळींची चिठ्ठी! मास्तरांना भरून आलं. त्यांनी लाल पेन काढलं, बारा चुका दुरुस्त केल्या, एकेका नामाला तिची हक्काची विभक्ती मिळवून दिली, खाली 'प्रगती समाधानकारक' असा शेरा मारला आणि चिठ्ठी फ्रीजवर लावून कॉफी घेत बसले.

लिगाया परतली तेव्हा स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. 'वीस मिनिटांनी मासा उतरवा' हे वाक्य मास्तरांनी दोनदा वाचलं होतं. त्यात एकही चूक निघेना म्हणून सोडून दिलं होतं. दोरीवरचे कपडे बर्फात फळीसारखे कडक झाले होते. दाराबाहेर बाबागाडीत निजवलेली नात तेवढी, रोजच्यासारखी थंडीत झोप काढून, हातमोजा चोखत मजेत पडली होती. (तिकडे तान्ह्या बाळांना मुद्दाम बाहेरच्या थंड हवेत निजवतात.)

मग लिगाया जी सुटली! करपलेल्या पातेल्यापासून सुरू झाली ती थेट तीन आठवड्यांचं साठलेलं सगळं काढूनच थांबली. मास्तरांनी एकोणीस चुका मोजल्या आणि एकही अडवली नाही. ओठ घट्ट मिटून ऐकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. (धुरानं, असं त्यांनी पुढं कारीला सांगितलं.)

"पोरी," ते हळूच म्हणाले, "उद्याही अशीच बोलशील?"

तिचा राग तिथंच विरघळला. नातीला त्यांच्या मांडीवर देत ती म्हणाली, "बोलावंच लागेल, ताताय. लिहिलेलं तुम्हाला कळत नाही."