चांदपोल ते सूरजपोल

खुर्चीत बसलेला माणूस खरे बोलत नाही, असा आमच्या एम. डी. केसकर साहेबांचा ठाम विश्वास होता.

"बसलं की माणसाची अक्कल पोटाकडे उतरते," ते म्हणायचे. "माणसाला एक तर झपाझप चालता येतं, नाहीतर खोटं बोलता येतं. दोन्ही एकदम जमत नाही."

म्हणून आमच्या पंपांच्या कारखान्यातल्या अधिकाऱ्यांची रोजची मीटिंग रस्त्यावर होत असे. सकाळी सहाला जयपूरच्या जुन्या शहराच्या पश्चिम दरवाजाशी, म्हणजे चांदपोलला, आम्ही सहा जण उभे राहायचो. साहेब यायचे, घड्याळ बघायचे आणि चालू पडायचे. पूर्वेच्या दरवाजाशी, सूरजपोलला, पावणेसातला कारखान्याची जीप यायची. रस्ता नाकासमोर सरळ, अंतर सुमारे दोन मैल. कारखाना मात्र पश्चिमेला झोटवाड्याकडे होता. म्हणजे कामाच्या उलट दिशेने दोन मैल पायी जायचे आणि तेच दोन मैल जीपने परत यायचे. हा हिशेब मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात साहेबांपुढे मांडला. उत्पादनाची आकडेवारी ठेवणे हेच माझे काम, त्यामुळे मला राहवले नाही.

"लेले," ते म्हणाले, "पूर्वेला चाललं की ऊन तोंडावर येतं. आकडा फिरवणारा माणूस डोळे बारीक करतो. मला लगेच कळतं."

थंडीत ऊन उशिरा येई. त्या तीन महिन्यांत आमच्या खात्यांची प्रगती जरा बरी दिसायची, हे मी कुठे बोललो नाही.

रस्त्याचे चार तुकडे ठरलेले होते, चौपडीपासून चौपडीपर्यंत, म्हणजे चौकापासून चौकापर्यंत. चांदपोल ते छोटी चौपड उत्पादन. छोटी चौपड ते बडी चौपड विक्री. बडी चौपड ते रामगंज तक्रारी. आणि रामगंज ते सूरजपोल माणसांचे प्रश्न, म्हणजे बढत्या, बदल्या, रजा. प्रत्येक चौपडीवर साहेब हात वर करून "पुढे!" म्हणायचे, की विषय संपला. वाक्य अर्धे राहिले तर ते उद्या पुरे करायचे. एकदा मुंबईहून नवीन आलेले इंजिनिअर छोट्या चौपडीवर "साहेब, भट्टीला तडा" एवढेच म्हणू शकले. पुढचे चोवीस तास आम्ही सगळे त्या तड्याची काळजी करत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाक्य पुरे केले : "जाण्याची शक्यता नाही."

अर्ज हा प्रकार साहेबांना मान्य नव्हता. "अर्ज म्हणजे भित्र्या माणसाचा आवाज," असे म्हणून ते कागद न वाचता परत करायचे. जे मागायचे ते तोंडाने, चालता चालता, ठरलेल्या तुकड्यात मागायचे. "अंदाज घरी ठेवा, आकडा घेऊन या," हेही रोजचेच.

माणूस मोठा होता, यात शंका नाही. जयपूरच्या पेपरात आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा फोटो यायचा : फीत कापताना, मंत्र्यांना पंप दाखवताना, कुणाच्या तरी हस्ते मानपत्र घेताना. परदेशी पाहुणे आले की आमच्या कारखान्यात आधी आणि महाल बघायला नंतर, असा क्रम असायचा. बाजारातून चालताना दुकानदार फळ्या काढता काढता "राम-राम सा" करायचे. एका सकाळी मी मोजले, एकेचाळीस नमस्कार झाले. साहेबांनी सगळे परत केले, चालण्याचा वेग न मोडता.

विक्रीचे भार्गवजी आमच्यातले सर्वांत वजनदार. अडीच मणांचा देह आणि पायांत चामड्याच्या मोजड्या. त्यांनी काय केले, एक तांगा ठरवला. तो आमच्या मागून पन्नास पावलांवर हळूहळू यायचा. स्वतःचा विषय संपला की भार्गवजी बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने मागे राहायचे आणि तांग्यात बसायचे. मोजडीला नाडी नसते, हे साहेबांच्या लक्षात यायला आठ दिवस लागले.

"भार्गव, ये ताँगा किसका है?"

"हुजूर, सब भगवान का है."

"तो भगवान को बोलो, आगे चले. हम पीछे आते हैं."

त्या दिवसापासून तांगा पुढे आणि भार्गवजी मागे. तांगेवाला अधूनमधून वळून बघायचा आणि त्यांना धीर द्यायचा, "बस, थोड़ो सो और है, सेठजी."

आमच्या बायकांचे मात्र साहेबांविषयी वेगळे मत होते. वर्षाला जोड्यांचे तीन तळ झिजतात हे एक. आणि पहाटे पाचला "पितळी सुटे भाग, दोनशे चौदा" असे पाठ म्हणत चहा पिणारा नवरा कुणाला आवडेल?

तर असे आमचे चालले होते, आणि त्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीचे, सुमनचे, लग्न ठरले. मुलगा ग्वाल्हेरचा. लग्न आमच्याकडे, जयपूरला, तुळशीचे लग्न झाल्यावर बाराव्या दिवशी. वऱ्हाड पंचावन्न माणसांचे येणार. आमची माणसे वाईहून दोन गाड्या बदलून येणार. परमुलखात हाताशी भाऊबंद नाहीत, आचारी शोधण्यापासून सगळे मलाच करायचे. मी बसून नीट यादी केली. कामे त्रेसष्ट निघाली. त्यांना बारा दिवसांची रजा लागत होती. अकरांत भागेना आणि तेराव्याची गरज नव्हती.

रजा म्हणजे रामगंजच्या पुढचा तुकडा. आणि नेमके त्याच सुमारास आम्ही रामगंजला पोचेनासे झालो. साहेबांना कसलेसे मोठे मानपत्र मिळाले होते, आणि बड्या चौपडीवर रोज कुणी ना कुणी त्यांना अडवायचे. एक दिवस व्यापारी मंडळ हार घेऊन, एक दिवस पेपरवाला वही घेऊन, एक दिवस कवी कविता घेऊन. पावणेसात वाजले की ड्रायव्हर सूरजपोलहून जीप घेऊन बड्या चौपडीवरच यायचा. साहेब जीपमध्ये, मीटिंग खलास.

सहाव्या दिवशी मी छोट्या चौपडीच्या अलीकडेच तोंड उघडले. "साहेब, मला जरा रजेबद्दल—"

"लेले, हा रस्ता उत्पादनाचा आहे."

मी उत्पादन सांगितले.

मग भार्गवजींना गाठले. त्यांनी विक्रीचा विषय एका वाक्यात संपवायचा आणि साहेबांनी बडी चौपड लवकर ओलांडायची, असा आमचा बेत. "बिटिया का ब्याह है, लेलेजी! आधा वाक्य बोलूँगा," त्यांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. दुसऱ्या दिवशी बोलायला लागले आणि बिकानेरच्या एका गिऱ्हाइकाची हकीकत आठवून त्यांचे त्यांनाच इतके हसू आले, की आम्ही सगळे त्रिपोलियाच्या दरवाजासमोर थांबून त्यांच्या पाठीवर थापा मारत होतो. बडी चौपड रोजच्यापेक्षा सात मिनिटे उशिरा आली. हार घेऊन उभी असलेली मंडळी तिथेच होती.

घरी रोज संध्याकाळी बायकोचा एकच प्रश्न.

"मिळाली?"

"रामगंज आलं नाही."

"अहो, मुलीचा बाप रजा मागतोय की मीठ-मिरची? कुठल्याही रस्त्यावर मागावी! की असं करू या, सुमनचं लग्नच सूरजपोलला लावू या. वऱ्हाडालाही चालवत नेऊ."

"नियम आहे."

"नियम त्यांचा. मुलगी आपली."

त्रेसष्टपैकी चार कामे झाली होती. आचारी अजून मिळाला नव्हता. बारा दिवस मागे मोजत आलो, तर रजा सुरू व्हायला हवी त्या तारखेला आता दोनच आठवडे उरले होते. विना परवानगी घरी बसलो तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेलेल्या बापाच्या मुलीच्या लग्नात ग्वाल्हेरकर काय बोलतील, हे मी रात्री आढ्याकडे बघत ठरवत असे.

अशात दिवाळी आली. पाडव्याची कारखान्याला सुट्टी. पहाटे स्नान झाले आणि हिने मला तोरणासाठी झेंडूची फुले आणायला चांदपोलला पिटाळले. फुलवाल्या दरवाजाबाहेर बसतात. मी झेंडू निवडत होतो, तर कमानीखाली नेहमीच्या जागी, नेहमीच्या राखी कोटात, केसकर साहेब उभे.

मला बघून त्यांनी घड्याळ काढले. "पाच अठ्ठावन्न. दोन मिनिटं लवकर आलात, लेले."

"साहेब, आज सुट्टी आहे."

"माहीत आहे. सुट्टीच्या नोटिशीवर सही माझीच आहे."

घड्याळ खिशात टाकून म्हणाले, "स्वयंपाकी गावाला गेला. माळी गेला. सणाला अडवून कशाला ठेवायचं? कुत्रा आहे घरी, पण तो आठपर्यंत उठत नाही." आणि मग रस्त्याकडे बघत, "म्हटलं, बघावं, कुणी चुकून येतंय का."

साहेबांच्या पत्नी त्यांच्या जयपूरला येण्याआधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे. त्या नऊ खोल्यांच्या बंगल्यात दिवाळीच्या सकाळी कोण असेल, हा हिशेब मी कधी केला नव्हता.

फुलांची पिशवी हातात घेऊन मी त्यांच्याबरोबर निघालो. फटाक्यांचे कागद रस्ताभर पडले होते. दुकाने बंद. छोटी चौपड आली. तिथे सवयीने हात वर गेला, पण "पुढे" काही आले नाही. हात त्यांनी कोटाच्या खिशात घातला.

"बोला काहीतरी, लेले. आकडा नको."

मी फराळाचे बोललो. चकल्या या वर्षी कडक झाल्या, ते सांगितले. हिची आणि सुमनची त्यावरून झालेली वादावादी सांगितली. साहेब मन लावून ऐकत होते. "मोहन कमी पडलं असेल," असे मध्येच म्हणाले. बडी चौपड आली आणि गेली. हार नाही, कवी नाही. आणि बघता बघता आम्ही रामगंजची चौपड ओलांडली.

मी घसा साफ केला. "साहेब, मला बारा दिवसांची रजा हवी आहे. मुलीचं लग्न आहे. एकवीस दिवस झाले, मागायला निघतोय."

"एकवीस दिवस? मग बोलला का नाहीत?"

"रस्ता आला नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. ऊन नव्हते, तरी डोळे बारीक केले होते. "तुम्ही मूर्ख आहात, लेले," ते म्हणाले. चार पावलांनी पुन्हा म्हणाले, "आणि रस्ता ठरवणारा तुमच्याहून मोठा. पंधरा दिवस घ्या."

"बाराच पुरतील."

"बरं, बारा."

सूरजपोल दिसायला लागले. जीप नव्हतीच. साहेबांची चाल एकदम मंदावली.

"मला बोलावणार आहात?"

"साहेब! पहिली पत्रिका तुमचीच. पुढची खुर्ची—"

"खुर्ची नको." ते जरा जोरातच बोलले. मग आवाज खाली आला. "पाहुणा मी रोजच कुठेतरी असतो. हार घालतात, खुर्ची देतात, सरबत देतात. आणि मी निघालो की मग सगळे जेवायला बसतात. दारातून बाहेर पडताना मला मागे हसणं ऐकू येतं. तसं नको. काहीतरी काम द्या."

त्रेसष्ट कामे होती, पण एम. डी.ला कुठले द्यायचे? यादीत एकोणचाळिसाव्या क्रमांकावर 'वाढपी, दोन कमी' असे होते. ते मी भीत भीत सांगितले.

"वाढायला येतं मला," साहेब म्हणाले. "नागपूरला असताना घरची सगळी लग्नं मीच वाढली."

लग्नाच्या दिवशी ते अकराला आले. कोट काढला, धोतराचा काचा मारला, कमरेला पंचा बांधला आणि जिलबीची परात उचलली. पंगतीत भार्गवजी बसले होते. समोर वाकलेला माणूस पाहून ते पानावरून उठायलाच लागले.

"बैठो, भार्गव. कितनी?"

"हुजूर... जितनी आप कहें."

"अंदाज नहीं. गिनती बोलो."

"नौ," भार्गवजी म्हणाले. भीतीत माणूस खरे बोलतो.

वाईहून आलेली माझी थोरली बहीण, आक्का, साहेबांना ओळखत नव्हती. "अहो वाढपी, व्याह्यांच्या पंगतीला मठ्ठा कुठंय? काय झोपा काढता का?" असे ती भर मांडवात ओरडली. माझ्या हातातले तांब्याभर पाणी सांडले. साहेब "आलो ताई, आलो," म्हणत मठ्ठ्याची बादली घेऊन पळाले. खरोखर पळाले. त्या दिवशी चार पंगती उठल्या आणि चारही पंगतींत त्यांनी वाढले.

साडेतीनला शेवटची पंगत बसली, घरच्या माणसांची आणि राबणाऱ्यांची. हिने साहेबांसाठी माजघरात पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. ते तिकडे गेलेच नाहीत. आचारी आणि माझा मेहुणा यांच्यामध्ये जागा करून मांडी घालून बसले, घामाने भिजलेले. आक्का जिलब्या घेऊन आली. तिला तोवर कुणीतरी सांगितले होते, पण तिच्यावर काही परिणाम झाला नव्हता.

"साहेब असाल तुमच्या कारखान्यात," ती म्हणाली. "एवढे राबलात, आणि दोन जिलब्यांवर उठणार? घ्या मुकाट्यानं. आणि दुपारची झोप काढल्याशिवाय इथून हलायचं नाही."

तिने दोन वाढल्या. मग आणखी दोन. साहेब मान खाली घालून पानाकडे बघत होते. नको म्हणायला माणूस हात आडवा धरतो ना, तसा त्यांनी पानावर हात धरला नाही.