ऐवळे सरांना रंग नको होते

ऐवळे सर डिस्प्ले कार्ड घेण्याआधी त्याचा वास घ्यायचे. आधी रुमालानं नाक स्वच्छ पुसायचे, मग कार्ड कडेनं दोन बोटांत धरायचे आणि अत्तराच्या दुकानात आल्यासारखे डोळे मिटून एक दीर्घ श्वास ओढायचे. मग निकाल द्यायचे. "जळलंय." किंवा, "तापलंय, पन जळलेलं न्हाई. चालंल."

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला एका जिन्याखाली माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ज्यांना परवडायचं ते पेंटियम घेत होते आणि त्यांची पोरं मोटारींच्या शर्यतीचे, विमानांच्या लढाईचे खेळ नीट चालावेत म्हणून बापाच्या मागं लागून भारीतलं डिस्प्ले कार्ड बसवून घेत होती. हे कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात उभी बसणारी वीतभर पाटी. पडद्यावर चित्र दिसतं ते तिच्या जिवावर. माझं निम्मं दुकान त्या पाट्यांवर चालायचं. आणि अशा दिवसांत कोरेगावच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवणारा हा माणूस एसटीनं येऊन मागायचा काय, तर ज्याच्यावर फक्त एकच रंग दिसतो असलं जुनं कार्ड.

"जयभीम, दुकानदार. मोनो आलं का?"

"सर, मोनो आता कुणीच वापरत नाही."

"मी वापरतो की. मी कुनीच न्हाई व्हय?"

त्यांचा कॉम्प्युटर कुठल्याशा पतसंस्थेनं मोडीत काढलेला होता. वजन एवढं, की घरफोडी करणाऱ्यानंही तो जागेवरच सोडला असता. त्यावर सर एकच खेळ चालवायचे. वरून चौकोनी तुकड्यांचे वेगवेगळे आकार पडतात, ते फिरवून एकमेकांत बसवायचे, ओळ भरली की ती नाहीशी होते. बास. दुकानातली पोरं धूर सोडणाऱ्या विमानांचे खेळ बघत उभी असायची आणि सर त्यांच्याकडं पाठ करून माझ्या भंगाराच्या खोक्यात हात घालून बसायचे.

मॉनिटरही त्यांना विशिष्टच लागायचा. काळ्या पडद्यावर हळदीसारखी पिवळी अक्षरं उमटणारा. एकदा तो दुरुस्तीला आला तेव्हा मी त्यांना तात्पुरता हिरव्या अक्षरांचा दिला. तो दुसऱ्याच दिवशी परत. "हिरवं पसरतंय," एवढंच कारण. रंगीत देऊ का विचारलं तर म्हणाले, "रंगानं मानूस भुलतं." हे कोण म्हणतंय, तर जो माणूस दिवसभर पोरांकडून नकाशात डोंगर तपकिरी आणि नद्या निळ्या रंगवून घेतो.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "खाच बघा आधी." ते कसं आलं, तर एकदा सर पुण्याहून मोठ्या हौसेनं एक कार्ड घेऊन आले आणि घरी आल्यावर कळलं, त्यांच्या यंत्रात ते बसायला खाचच नाही. नव्या कार्डांची खाच निराळी, जुन्याची निराळी. तेव्हापासून सरांनी साऱ्या जगाला ते सूत्र लावलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं बघायचं होतं, मुलगा पुण्यात इंजिनियर, घरदार चांगलं, सगळे खूश. सर पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाले, "पोरगा कवा उठतो? पोरगी कवा उठती? खाच बघा आधी. कार्ड लाख चांगलं आसंल." मुलाच्या आईला वाटलं, मुलाच्या नावावर कसलं रेशनकार्ड निघालंय. तिचं समाधान करता करता अर्धा तास गेला.

स्वतः सर बिनलग्नाचे. मी एकदा विचारलं, तर कार्डाच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवता फिरवता म्हणाले, "बघितली खाच. बसत न्हाई."

खोडरबर हे त्यांचं औषध. कॉम्प्युटर चालू केल्यावर एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजल्या, की समजायचं, डिस्प्ले कार्डाचं दुखणं आहे. सर डोळे मिटून शिट्ट्या ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "धूळ." मग चपला काढून अनवाणी, अंगातली वीज जावी म्हणून आधी नळाला हात लावून, कार्ड उपसायचे आणि दात घासायचे. दुखणं काहीही असो, निदान धूळच. निम्म्या वेळा ते बरोबरही निघायचं, त्यामुळं त्यांना समजावणं अवघड झालं होतं.

कार्ड ते जेवणाच्या स्टीलच्या डब्यातून न्यायचे. एकदा एसटीत गर्दी होती, कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, डबा खाली ठेवा, मानसं हुबी हायत." सर म्हणाले, "खाली ठिवला तर हादरं बसत्यात." कंडक्टरनं विचारलं, "आंडी हायत का?" सर म्हणाले, "न्हाई, डिस्प्ले हाय." कंडक्टरनं पुढं काही विचारलं नाही. कोरेगावपर्यंत सरांच्या शेजारची जागा मात्र रिकामी राहिली.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास त्यांचं कार्ड कायमचं गेलं. या वेळी वास घेऊन त्यांनी काहीच निकाल दिला नाही. मलाच विचारलं, "जळलंय न्हवं?" जळलं होतं. मी साताऱ्यात सगळ्यांना विचारलं, कराडला विचारलं, लोणंदच्या एका अडत्याकडं जुनं यंत्र आहे कळलं म्हणून तिथंही निरोप धाडला. मोनो कुठंच नव्हतं. सर दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की यायचे. पुढं पुढं त्यांनी थट्टा करणं सोडलं. नुसते दारात उभे राहून माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी मान हलवली की परत फिरायचे.

उन्हाळा लागता लागता सांगलीच्या एका भंगारवाल्याकडं जुन्या कॉम्प्युटरचा ढीग आल्याचं कळलं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गुडघाभर ढीग, खाली खिळे, काचा. सरांनी तिथंही चपला काढल्या. भंगारवाला म्हणाला, "गुरुजी, रंगीत घ्या की वो, त्याच भावात देतो." सरांनी वर पाहिलं नाही. मागच्या बाजूला नऊ पिनांचं तोंड असलेलं कार्ड शोधायचं होतं, रंगीताला पंधरा असतात. दुपारपर्यंत आमचे हात काळे झाले. शेवटी एक मिळालं. सरांनी ते नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

परतीला ते डबा मांडीवर घेऊन बसले. कराडला गाडी थांबली तर चहालाही उतरले नाहीत. "सर, आता मिळालंय, घाई कसली?" मी म्हटलं.

"लय दिस गेले वो," ते म्हणाले.

दिवाळीपासून दुकानातच पडून असलेल्या त्यांच्या यंत्रात कार्ड बसवलं तर एक लांब, दोन आखूड. सर म्हणाले, "धूळ," आणि रबर काढला. पण मधे रंगीत कार्ड लावून यंत्र तपासताना मीच मदरबोर्डवरची रंगीत-मोनोची पिन रंगीतकडं लावलेली होती, ती मी फिरवली आणि शिट्ट्या थांबल्या. आता पडद्यावर काय दिसतंय ते त्यांच्या घरच्या मॉनिटरवरच कळणार होतं. म्हणून त्या रविवारी मी यंत्र घेऊन कोरेगावला गेलो.

स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात छातीएवढ्या उंचीपर्यंत घड्या घालून रचलेल्या वाकळा, आणि मॉनिटरसमोरच्या खुर्चीत जाड भिंगाचा चष्मा लावलेली एक म्हातारी.

"आक्का, दुकानदार आल्यात," सर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी या बहिणीचं नावही माझ्याजवळ काढलं नव्हतं.

सर यंत्र जोडायला खाली वाकले आणि आक्का माझ्याशी बोलू लागल्या. सासर औंधकडचं, नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाजवळ. लोकांच्या वाकळा शिवून त्यांनी त्याला शिकवलं. "मी लुगड्याचं तुकडं असं बसवायची बगा, की दोन तुकड्यांत बोटभर जागा ऱ्हायची न्हाई. लोनंदपासनं बाया यायच्या. मग डोळ्यांनी दगा दिला. मिरजंच्या डाक्टरनं सांगितलं, शीर सुकतीया, विलाज न्हाई. सुई दिसंना, धागा दिसंना. हात नुसतं मांडीवर. तवा किसना ह्ये खोकं घिऊन आला. म्हनला, आक्का, ह्यात वरनं ठिगळं पडत्यात, जोडून बघ."

"जमलं?"

"न जमाया काय झालं. दुसऱ्या कुनाच्या घरचा रंगीत पडदा बगितला हुता, समदा गढूळ. ह्यात काळ्यावर पिवळं, तेवढं दिसायचं. किसना हारायचा रोज."

"मुद्दाम न्हाई हारत," सर टेबलाखालून म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं. एकच आखूड शिट्टी, म्हणजे सगळं ठीक. पडदा हळूहळू उजळला आणि काळ्यावर पिवळी अक्षरं उमटली, अगदी कोरीव. इतकं स्वच्छ चित्र त्या मॉनिटरवर मी कधी पाहिलं नव्हतं. सरांनी खेळ सुरू केला. पहिला तुकडा वरून सुटला आणि सावकाश खाली येऊ लागला.

आक्का पडद्याकडं तोंड करून बसल्या होत्या. हात कळफलकावर तयार होते.

"लाव की रं," त्या म्हणाल्या.

सरांनी उजेडाचं बटण पूर्ण फिरवलं. मग उठून खिडकी लावली, दार लोटलं. खोली अंधारली, पडदा आणखी ठळक झाला. दुसरा तुकडा पहिल्यावर वेडावाकडा बसला. आक्कांची बोटं हलली नाहीत. त्यांनी मान जरा डावीकडं केली, जरा उजवीकडं केली, आणि मग तशाच थांबल्या.

मी सरांकडं पाहायचं टाळलं. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, वर्गात बोलावा तसा, मोठा आणि सपाट.

"आक्का, कार्डात दोष हाय. चित्र नीट उमटंना. मला जवळनं जरा जरा दिसतंय. मी सांगतो काय पडतंय ते, तू कुटं टाकायचं सांग."

आक्कांनी कळफलकावरचे हात उचलून मांडीवर घेतले. मग म्हणाल्या, "सांग."

"लांब काठी हाय."

"हुबी कर. डाव्या कडंला, भित्तीला."

"चौकोन."

"तिच्या शेजारी."

"वाकडं आलंय, पायरीवानी."

"तोंड कुनीकडं?"

"उजवीकडं."

"मग फिरीव की. आन् चौकोनाच्या आंगाला घाल."

त्या हवेत बोटं हलवत होत्या, तुकडा कापड असावा तसा चिमटीत धरून. ओळ भरली, नाहीशी झाली. सर म्हणाले, "गेली." आक्का हसल्या आणि पुढं काय पडतंय म्हणून थांबल्या.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. चाचपून माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इतक्या लांबनं आलासा. कार्डाचं मनाला लावून घिऊ नगा. जुन्या वस्तूत दोष ऱ्हायचाच."

सर स्टँडपर्यंत सोडायला आले. ऊन कडक होतं. गाडी लांबवर दिसायला लागली.

"दुकानदार," ते म्हणाले, "दुसरं मोनो कुटं मिळालं तर बाजूला ठिवा."

"सर, हे कार्ड उत्तम आहे."

"त्ये मला ठाव हाय." त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "पन तिला दोष हाय म्हनून सांगितलंय न्हवं. मग दुसरं शोधाया नगो व्हय?"

मी ठेवतो म्हणालो. गाडीत बसून मागं वळून पाहिलं तर ते केव्हाच निघाले होते, भर उन्हात झपाझप, जवळजवळ पळत. डाव अर्ध्यावर सोडून आले होते.