सासऱ्यांच्या नावाची बंदूक

दिगंबरला ग्रीन कार्ड हवं होतं, आणि त्यासाठी त्याला बंदूक हवी होती. एवढं डोकं फक्त त्यालाच. ग्रीन कार्डच्या फाइलवर सही करणारा त्याचा बॉस हॅरॉल्ड दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा, आणि 'मीही शिकारी आहे' अशी थाप मारून या गृहस्थाने यंदाचं आमंत्रण मिळवलं होतं. घरात झुरळ निघालं तर हाच शिकारी सोफ्यावर चढून बायकोला हाका मारायचा.

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळाचाही तो अध्यक्ष. त्या गणपतीत मराठी शाळेच्या मदतीसाठी सोडत ठरली आणि एका दुकानदाराने बक्षीस म्हणून बंदूक देऊ केली. फुकट आलेल्याला नाही म्हणायची मंडळात पद्धत नव्हती.

"व्हिसावरच्या माणसाला बंदूक अलाउड नाही," त्याची बायको गिरिजा म्हणाली. "आणि सोडतीला शेरीफचं परमिट लागतं."

"अगं, हौजी आहे ही. हौजीला कसलं परमिट?"

गिरिजाने गुपचूप जाऊन परमिट आणलं. अध्यक्ष तेव्हा आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस करत होते.

अध्यक्षालाच बक्षीस लागलं तर लोक तोंड सोडतात. म्हणून दिगंबरने चाळीस तिकिटं घेतली आणि सगळ्यांवर सासऱ्यांचं नाव घातलं. सासरे त्र्यंबकराव जूनमध्ये व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे आले होते. एकूण तिकिटं खपली नव्वद, त्यामुळे बक्षीस कुणाला लागलं हे सांगायला नको.

सासरे-जावई बंदूक घ्यायला दुकानात गेले, तर दुकानदाराने फॉर्म पुढे केला. "जिंकला त्यानेच भरायचा. दुसऱ्यासाठी घेत असलात तर तो गुन्हा आहे."

"बाबा, सिटिझनपुढे टिक करा आणि ठोका सही," दिगंबर कुजबुजला. "कोण बघतंय?"

त्र्यंबकरावांनी चष्मा पुसला. तहसील कचेरीत चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे फॉर्म तपासले होते. "दिगंबरराव, या हाताने मी आमदाराचा फॉर्म परत पाठवलाय."

मग त्यांनी फॉर्मसोबतच्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचल्या, उभ्याने, पाऊण तास. व्हिसावरच्या माणसाकडे शिकारीचं लायसन्स आणि तीन महिने इथे राहिल्याचा पुरावा असेल, तर सूट होती. अमेरिकेत सहा वर्षं काढलेल्या जावयाला हे ठाऊक नव्हतं, कारण छापलेलं काही वाचणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

लायसन्सच्या कोर्सला दोघे गेले. सासरे पुस्तकात खुणा करकरून पास झाले आणि लायसन्स दाखवून बंदूकही घेऊन आले. दिगंबर पुस्तक न उघडता गेला आणि नापास झाला. वर 'पेपर बायस्ड होता यार' असं मंडळभर सांगत सुटला. लाज नावाची गोष्ट त्याला कधी शिवलीच नाही.

नोव्हेंबरात हॅरॉल्डची जीप दारात आली. कानटोपी घातलेले त्र्यंबकराव बंदूक घेऊन पुढे बसले आणि लायसन्स नसलेला शिकारी थर्मास घेऊन मागे. जंगलात हॅरॉल्डने नेम धरला, तोच त्र्यंबकरावांनी त्याच्या बाहीला हात लावला.

"ती मादी आहे. आज फक्त नराची परवानगी. पुस्तिका, पान अकरा."

हॅरॉल्डने दुर्बिणीतून पाहिलं आणि बंदूक खाली घेतली. "माझं लायसन्सच गेलं असतं," तो म्हणाला. बराच वेळ तो म्हाताऱ्याकडे आदराने बघत राहिला. मग त्याने जीपमधून दिगंबरच्या ग्रीन कार्डची फाइल काढली. सोमवारी सही करायची म्हणून ती बरोबरच होती.

"सर, मी सही करण्याआधी हे एकदा नजरेखालून घालाल का?"

"बाबा," दिगंबर मागून मराठीत म्हणाला, "आपल्या घरातला मामला आहे."

त्र्यंबकरावांनी खिशातून लाल पेन काढलं. दुसऱ्याच पानावर ते थांबले. "पाचशे कुटुंबांच्या संस्थेचे प्रमुख, असं लिहिलंय. मंडळात त्रेसष्ट कुटुंबं आहेत. सोडतीची पत्रकं मीच घरोघरी वाटली." त्यांनी ओळीखाली रेघ मारली आणि फाइल हॅरॉल्डला दिली. "परत पाठवा. नीट भरून आणायला सांगा."

हॅरॉल्डने मान डोलावली आणि सहीसाठी काढलेलं पेन खिशात ठेवलं.

दिगंबरने थर्मास उघडला आणि दोघांना चहा ओतून दिला.